फोटोत स्कोअर नसतो

परभणीच्या माणसाला परगावी आपलं गाव समजावून सांगावं लागत नाही. नाव काढलं की समोरचाच म्हणतो, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" ही म्हण कुठून आली, याच्या चौकशीत आम्ही पडत नाही. कौतुक फुकट मिळत असेल तर पावती मागू नये, हा आमचा जुना शिरस्ता आहे. पण कधी तरी जर्मनीशी खरोखर ताडून बघायची वेळ आली, की पंचाईत होते. टेनिसचंच घ्या. लायमेन नावाच्या लहानशा गावातला बोरिस बेकर १९८५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, विम्बल्डन जिंकला. तिथून जवळच्याच ब्रूलमध्ये वाढलेल्या स्टेफी ग्राफनं १९८८ साली चारही ग्रँड स्लॅम आणि वर सोलचं ऑलिंपिक सुवर्णपदक, असं सगळं एकाच वर्षात उरकून टाकलं. फोटोग्राफीचं तर विचारूच नका. हातात सहज मावणारा आणि जगभरच्या फोटोवाल्यांना रस्त्यावर उतरवणारा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला, तोही जर्मनीतूनच.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडं काय चाललं होतं? आमच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' नावाचं भेंडीचं वाण काढलं. हळद्या रोगापुढं मान न टाकणारी ही भेंडी म्हणून तिचा बोलबाला झाला. तिकडं बेकर विम्बल्डनच्या हिरवळीवर लोळत होता, इकडं आमची भेंडी देशभरातल्या वावरांत उभी होती. उपयोगाचं काय ते ज्यानं त्यानं ठरवावं.

टेनिस आमच्याकडं अगदीच नव्हतं असं मात्र नाही. टेनिसचा चेंडू होता. भरपूर होता. खेळाच्या सामानाच्या दुकानात पुढ्यातच टोपलीभर ठेवलेला असायचा आणि आम्ही तो क्रिकेटसाठी न्यायचो. गल्लीत आठवडाभर आपटून त्याची लव गेली, तो गुळगुळीत झाला, की मगच त्याला खरी गती यायची. आजही 'भव्य टेनिस बॉल स्पर्धा' असा फलक चौकात लागला, तर जिंतूरपासून पाथरीपर्यंतची पोरं बॅट घेऊनच येतात. जाळी आणि रॅकेट घेऊन कुणी आलं, तर आयोजकांचीच तारांबळ उडेल.

तर अशा गावातून आम्ही दोघं टेनिसचे फोटो काढायला पुण्याला निघालो. दोघं म्हणजे मी आणि माझा एक मित्र. त्याचा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे आणि अलीकडं ज्याशिवाय कुणाचं लग्न कायदेशीर ठरत नाही ते प्री-वेडिंग, हा त्याचा धंदा. मी हौशी. माझ्याकडं कॅमेरा आहे आणि रविवार आहे. सर्व्हिस, व्हॉली, टायब्रेकर हे शब्द मला पेपरच्या शेवटच्या पानामुळं ठाऊक होते. त्याला तेवढेही नव्हते. पण २०२४ च्या जानेवारीत रोहन बोपण्णा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच झपाट्यात ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. ती बातमी स्टुडिओत कुणी तरी मोठ्यानं वाचली. मित्र लेन्स पुसत होता. तो थांबून म्हणाला, "आपल्याच वयाचा हाय की रे हा!" त्या दिवसापासून टेनिस हा त्याचा खेळ झाला.

फेब्रुवारीत पुण्यात बालेवाडीला महा ओपन ही टेनिस स्पर्धा होती. शेवटच्या शनिवार-रविवारचं एकही बुकिंग स्टुडिओत नव्हतं. रात्रीच्या नांदेड-पनवेल गाडीत बसलो. समोरच्या बाकावरच्या गंगाखेडच्या काकांनी बॅगेकडं बघून विचारलं, "कुणाचं लग्न?" लग्न नाही, टेनिसचे फोटो काढायला चाललोय, असं सांगितल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "पैसे कोण देणार?" कुणीच नाही, म्हटल्यावर त्यांनी आमच्याशी बोलणं थांबवलं आणि पायाशी ठेवलेली स्वतःची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८ मध्ये तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. टेनिसचा मोठा मांडव मात्र तिथं पडला तो २०१८ मध्ये. चेन्नईत वर्षानुवर्षं होणारी एटीपी स्पर्धा महाराष्ट्रात आली आणि २०२३ पर्यंत राहिली. २०१९ च्या अंतिम सामन्यात एका बाजूला सहा फूट आठ इंचांचा केविन अँडरसन होता आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याहून उंच, सहा फूट अकरा इंचांचा, चाळिशीला टेकलेला इवो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले आणि अँडरसन जिंकला. ही माहिती मी मित्राला रांगेत उभ्याउभ्या दिली. त्याला सेटचं काही वाटलं नाही. "सहा फूट अकरा? मग कॅमेरा उभा धरावा लागला असंल," एवढंच तो म्हणाला. प्रत्येक माणूस जग आपापल्या धंद्यातून बघतो, ते असं.

ती मोठी स्पर्धा गेली आणि मागं राहिली चॅलेंजर. टेनिसच्या उतरंडीत चॅलेंजर म्हणजे वरून दुसरी पायरी. बालेवाडीची स्पर्धा चॅलेंजर १०० दर्जाची, म्हणजे जिंकणाऱ्याला क्रमवारीचे १०० गुण. मोठ्या मास्टर्स स्पर्धेत तेच १००० असतात. त्या महिन्यात चेन्नई, बंगळूर, पुणे आणि मग दिल्ली अशा लागोपाठ चार चॅलेंजर होत्या. पहिल्या शंभराच्या बाहेरचे परदेशी खेळाडू पाठीवर रॅकेटची भलीमोठी बॅग घेऊन दर आठवड्याला एक शहर बदलत होते. कुणाबरोबर प्रशिक्षक, कुणी एकटाच. त्यांची नावं आम्हाला माहीत नव्हती आणि त्यांना परभणी माहीत नव्हती. बरोबरीत सुटलो.

फोटोवाल्याच्या दृष्टीनं चॅलेंजरसारखी जागा नाही. गर्दी बेताची, खुर्च्या कोर्टाला चिकटून. बाजूच्या कोर्टांवर तर जाळीच्या कुंपणाला नाक लावून उभं राहता येतं. लेन्स जाळीला टेकवायची, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवायचं, की जाळीची तार विरघळून जाते आणि पलीकडचा माणूस तेवढा उरतो. खेळाडूच्या बुटाची करकर ऐकू येते. फटका मारताना तोंडातून निघणारा हुंकार ऐकू येतो. हरलेल्या गुणानंतर तो स्वतःलाच आपल्या भाषेत काय म्हणतो, तेही ऐकू येतं आणि भाषा येत नसली तरी नेमकं कळतं.

पहिल्या सामन्यात आम्ही दोघांनी धडाधड कॅमेरे चालवले. मग सावलीला बसून बघितलं, तर सगळीकडं माणूस होता, रॅकेट होती, चेंडू नव्हता. चेंडूविना टेनिसपटू हा फार विचित्र प्राणी दिसतो. तोंड वेडंवाकडं, डोळे विस्फारलेले, एक पाय हवेत, हातातल्या रॅकेटनं अदृश्य माशी मारतोय. मित्रानं ते फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाला, "अंगात आल्यावानी दिसायलेत सगळे."

हे का होतं याचा हिशेब सोपा आहे आणि निर्दय आहे. ताशी २०० किलोमीटर वेगानं निघालेली सर्व्हिस सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते. कोर्टाची सगळी लांबी २३.७७ मीटर. कॅमेरा सेकंदाला दहा फोटो घेत असला, तरी एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत चेंडू साडेपाच मीटर पुढं गेलेला असतो. म्हणजे एका फोटोत तो रॅकेटवर यायचा आहे आणि पुढच्यात जाळीच्या अर्ध्या वाटेवर पोचलाय. तारांवर तो टेकतो तो सेकंदाच्या हजार भागांपैकी चारपाच भाग. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं, तरी तेवढ्यात चेंडू साडेपाच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या जाडीइतका. फोटोत मग वाटोळ्या चेंडूऐवजी पिवळं अंडं येतं. दोन हजाराव्या भागावर गेलं की अंडं पुन्हा वाटोळं व्हायला लागतं, पण मग उजेड भरपूर लागतो. फेब्रुवारीतल्या पुण्यात दुपारी उजेडाची काही वाण नसते, फक्त तो नेमका डोक्यावरून येतो आणि टोपीच्या सावलीत खेळाडूचा चेहराच हरवतो. चार वाजून गेले की ऊन तिरपं होतं, निळ्या कोर्टावरून थोडं उसळतं आणि टोपीखालचे डोळे सापडायला लागतात.

हिशेब मी केला. उपाय मित्राला आधीच माहीत होता. लग्नातला खरा फोटो एकच असतो: अंतरपाट दूर होतो, वरून अक्षता पडतायत आणि दोघं एकमेकांकडं पहिल्यांदा बघतायत. अक्षता दिसल्यावर बटण दाबलं तर त्या केसांत अडकलेल्या सापडतात. म्हणून जाणता फोटोवाला अक्षतांकडं बघतच नाही, तो भटजींकडं कान देतो. मंगलाष्टकाचा शेवटचा चरण लांबायला लागला, भटजींनी श्वास घेतला, 'सावधान'मधल्या 'सा'वर बोट टेकलं. मित्रानं तीच विद्या कोर्टावर लावली. चेंडू बघायचं त्यानं सोडून दिलं. सर्व्हिस करणाऱ्याचा वर गेलेला डावा हात बघायचा. तो हात खाली यायला लागतो, खांदा वळतो, त्या क्षणी दाबायचं. परतवणाऱ्याचा फोटो हवा असेल, तर समोरच्याच्या रॅकेटचा आवाज ऐकायचा, मनात एक ठोका मोजायचा आणि दाबायचं. संध्याकाळपर्यंत त्याच्या कॅमेऱ्यात चेंडू यायला लागले. एका फोटोत तर चेंडू तारांवर इतका चेपलेला होता, की तारांची जाळी मागच्या बाजूला फुगून आली होती. "आता माझं लग्न लागलं," असं तो म्हणाला. त्याच्या लग्नाला चांगली वीस वर्षं झालेली आहेत.

फोटो आणि टेनिस यांचं नातं तसं जुनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जाक-आंरी लार्तिग या फ्रेंच फोटोग्राफरनं सुझान लेंग्लेनला हवेत झेपावताना टिपलं. तिचा झगा, तिचं पाऊल आणि खालची जमीन यांत जे अंतर पडलंय, ते बघायला लोक आजही थांबतात. पुढं तर कॅमेऱ्यानं चेंडूचा रंगच बदलला. टेनिसचा चेंडू पूर्वी पांढरा असायचा. रंगीत टीव्ही आला, तेव्हा पडद्यावर तो नीट दिसेना. म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७२ मध्ये पिवळ्या चेंडूला परवानगी दिली. विम्बल्डननं आपल्या खानदानी स्वभावाप्रमाणं आणखी चौदा वर्षं घेतली आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. म्हणजे सतरा वर्षांच्या बेकरनं जिंकलं ते पांढऱ्या चेंडूवर. आमच्या दुकानातल्या टोपलीत जो पिवळा ढीग दिसायचा, तो खेळणाऱ्यांच्या सोयीसाठी पिवळा झालेला नव्हता, बघणाऱ्यांसाठी झाला होता.

बघणाऱ्यांकडून मात्र टेनिस या उपकाराची चांगली वसुली करतं. बोलायचं नाही. मधेच उठायचं नाही. फ्लॅश नाही. गेम चालू असताना जागा बदलायची नाही. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गेम संपून खेळाडू बाजू बदलतात, तेव्हाच हलायचं. मराठवाड्याच्या माणसाला हे जड जातं. आमच्याकडं कीर्तनातसुद्धा माणूस शेजाऱ्याला "पाऊस झाला का तिकडं?" विचारून घेतो. माझ्या पलीकडच्या गृहस्थांचा फोन ऐन सर्व्हिसच्या वेळी वाजला. त्यांनी खाली वाकून, तोंडावर हात धरून, आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा कुजबुजीत सांगितलं, "मॅचमधी आहे, नंतर करतो." उंच खुर्चीवरच्या पंचांनी त्यांच्याकडं बघितलं. सर्व्हिस करणाऱ्यानं चेंडू पुन्हा आपटायला सुरुवात केली. गृहस्थांनी पंचांना हात जोडले. इतकी सभ्य तंबी आणि इतकी सभ्य माफी मी कुठल्याच खेळात पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी माझं फटक्यांवरून मन उडालं. फटके मित्राकडं सोपवले आणि मी दोन गुणांच्या मधल्या वेळाकडं वळलो. एक गुण संपला की पुढची सर्व्हिस सुरू करायला खेळाडूला २५ सेकंद मिळतात. टेनिसचा बराचसा सामना या सेकंदांतच होतो. खेळाडू चेंडू देणाऱ्या पोराकडून तीन चेंडू घेतो. तिन्ही डोळ्यांपुढं धरून त्यांची लव निरखतो. कुठला कमी फुगलाय, कुठला जास्त, हे बघून एक मागं टोलवतो, एक खिशात टाकतो, एक हातात ठेवतो. लव कमी फुगलेला चेंडू हवेत जास्त वेगानं जातो, म्हणून पहिल्या सर्व्हिसला तो. आमच्या गल्लीतल्या पोरांना हे शास्त्र न शिकवता कळलेलं होतं, हे बघून ऊर भरून आला. मग खेळाडू रॅकेट समोर धरतो आणि बोटांनी तारा सरळ करत बसतो. एकेक तार, सावकाश. तारा तशा फारशा सरकलेल्या नसतात. पण पुढच्या सर्व्हिसपर्यंत डोळ्यांना कुठं तरी ठेवायचं असतं. स्कोअरबोर्डकडं बघितलं तर भीती वाटते, समोरच्याकडं बघितलं तर राग येतो, प्रशिक्षकाकडं बघितलं तर लाज वाटते. तारांकडं बघितलं तर काही वाटत नाही.

हे फोटो काढताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. तारा सरळ करणारा माणूस जिंकतोय की हरतोय, हे फोटोवरून सांगता येत नाही. फटका मारणाऱ्याचंही तेच. पाच-शून्यनं पुढं असलेला आणि शून्य-पाचनं मागं असलेला, दोघांचीही तोंडं चेंडू रॅकेटवर येताना सारखीच वाकडी होतात, दोघांच्याही मानेची शीर सारखीच ताणली जाते. पहिल्या क्रमांकाचा आणि दोनशेचाराव्या क्रमांकाचा खेळाडू त्या हजाराव्या सेकंदात एकाच वर्गात बसतात. स्कोअर पाटीवर असतो, पंचांच्या हातातल्या पडद्यावर असतो, बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. फोटोत नसतो. आम्हा मागास जिल्ह्यातल्या लोकांना हे फार सुखाचं वाटलं. कुठलीही यादी निघाली, की आम्ही आमचं नाव शोधायला खालून सुरुवात करतो. तिथं एक अशी चौकट सापडली, की जिच्यात वरखाली काहीच नव्हतं.

रविवारी अंतिम सामना होता. एका बाजूला मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशेरो, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाचा अॅडम वॉल्टन. दोघंही तेव्हा पहिल्या शंभराच्या बाहेरचे. मोनॅको हा देश केवढा आहे, असं मित्रानं विचारलं. मी म्हटलं, जेमतेम दोन चौरस किलोमीटर. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या वावरातसुद्धा हरवंल." पहिला सेट वॉल्टननं घेतला. पुढचे दोन टायब्रेकरवर गेले आणि दोन्ही वाशेरोनं काढले. टायब्रेकर म्हणजे सगळा दिवस राबून शेवटी दोन गुणांवर निकाल. ते दोन गुण उलटे पडले असते, तर चषक पलीकडच्या खुर्चीपाशी गेला असता आणि माझ्या कॅमेऱ्यातल्या एकाही फोटोत काडीचा फरक पडला नसता. चषकाचा फोटो सोडून, अर्थात. तो फोटो लग्नासारखाच येतो. सगळे ओळीत उभे, मधल्याच्या हातात काही तरी चकाकतंय आणि कडेच्या दोघांचे डोळे मिटलेले.

परभणीत परतल्यावर फोटो ग्रुपवर टाकले. पहिली प्रतिक्रिया आली, "बॉल कुठाय?" दुसरी आली, "कोण जिंकलं?" घरी दाखवले, तर आई म्हणाली, "यात तू कुठं हायेस?" त्या तिन्ही प्रश्नांना फोटोंकडं उत्तर नव्हतं. मी ते एका फोल्डरमध्ये टाकले आणि विसरलो. दिवस आपल्या गतीनं गेले. उन्हाळा आला, पेपरात परभणीचा पारा पहिल्या पानावर गेला. हिवाळा आला, तेव्हाही पारा पहिल्या पानावरच होता, फक्त दुसऱ्या टोकानं.

२०२५ च्या ऑक्टोबरात एका रविवारी मित्राचा फोन आला. आवाज चढलेला. "टीव्ही लाव! आपला पोरगा जिंकला!" माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच्या पोराची तेव्हा परीक्षा चालली होती आणि ती टीव्हीवर दाखवण्यासारखी नक्कीच नव्हती. पोरगा म्हणजे वाशेरो निघाला. शांघाय मास्टर्समध्ये तो २०४ व्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून गेला होता. मुख्य स्पर्धेत तर सोडाच, पात्रता फेरीतही आधी त्याला जागा नव्हती, कुणी तरी गळाल्यावर मिळाली. तिथून एकेकाला हरवत तो उपांत्य फेरीत आला, नोव्हाक जोकोविचला हरवलं आणि अंतिम सामन्यात त्याच्यासमोर कोण, तर त्याचाच सख्खा मावसभाऊ आर्तूर रिंडरनेक. पहिला सेट भावानं घेतला, पुढचे दोन यानं. मास्टर्स १००० जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू त्याआधी कधीच झाला नव्हता. सामना संपल्यावर दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. घरातल्या भाऊबंदकीचा निकाल इतका गोड लागलेला बघून मित्राला भरून आलं.

मग अर्थातच जुना फोल्डर उघडला. मित्र स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर फोटो लावून ज्योतिष्यासारखा बघू लागला. "बघ, चेहऱ्यावर तवाच दिसायलं होतं. नजर बघ. जबडा बघ." मी नजर बघितली, जबडा बघितला. तारा सरळ करणारा एक दमलेला मुलगा होता. टोपीच्या सावलीत अर्धा चेहरा, मनगटावरच्या पट्ट्याला घामाची ओल, अंगठा आणि तर्जनी एका तारेवर. त्याच्या शेजारी वॉल्टनचा फोटो लावला. त्याची नजर तर अधिकच ठाम होती. कुणी न सांगता बघितलं असतं, तर शांघायचं तिकीट मी वॉल्टनला काढून दिलं असतं. निकाल लागल्यावर जुन्या फोटोत खुणा शोधायला आपल्याला फार आवडतं. गावातला मुलगा कलेक्टर झाला, की त्याच्या तिसरीतल्या ग्रुपफोटोत सगळ्यांना तेज दिसायला लागतं. त्याच ओळीत उभ्या असलेल्या बाकीच्या एकोणचाळीस पोरांच्या तोंडावरही तोच फ्लॅश पडलेला असतो, हे मात्र कुणी बघत नाही.

मित्रावर या युक्तिवादाचा परिणाम झाला नाही. त्यानं वाशेरोचा तो फोटो मोठा छापून, चौकट करून, स्टुडिओच्या भिंतीवर लावला. भिंतीवर बाकी सगळे नवरा-नवरीच. फेटे, मुंडावळ्या, हळदीचे गाल, आणि त्यांच्या मधोमध टोपी घातलेला एक परदेशी तरुण, मान खाली घालून रॅकेटकडं बघतोय. येणारं गिऱ्हाईक तिथं थबकतंच. परवा सेलूकडचे एक गृहस्थ मुलीचे स्थळासाठी फोटो काढायला आले होते. मुलगी आत पदर सारखा करत होती. हे बाहेर भिंत बघत बसले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "हा कुठला?"

"मोनॅकोचा," मित्र म्हणाला.

"पोरगं गरीब दिसतंय स्वभावानं. मान खाली हाय." गृहस्थांनी चष्मा वर करून फोटो जवळून पाहिला. "याचं जमलं का कुठं?"

मित्रानं आतला दिवा लावला, मुलीला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि कॅमेरा उचलता उचलता उत्तर दिलं, "आता जमलं, दाजी. फोटो काढला तवा काहीच जमलेलं नव्हतं."